वडिलांच्या अखेरच्या आजारपणातील उपचार : आधी काय बोलावे, काय लिहून ठेवावे

नाशिकमधील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ७८ वर्षांच्या वडिलांना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असतो आणि गेल्या हिवाळ्यात ते अतिदक्षता विभागात राहून आले. घरी आल्यापासून "मला पुन्हा नळ्या लावून ठेवू नका" असे ते वारंवार म्हणतात. विषय निघाला की आई "घरात असले अशुभ बोलू नका" म्हणून उठून जाते. थोरला भाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. पैशाचा प्रश्न नाही, बाबांसाठी शक्य आहे ते सगळे झालेच पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे. लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतःला निर्णय घेता येईनासा झाला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधी लिहून ठेवलेला कागद, केले तर ते कायद्याने चालते का, वडिलांशी हे बोलणे योग्य आहे का, आणि भाऊ तयार नसेल तर काय करायचे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तिन्हींची उत्तरे आधी थेट देते. कायद्याने असा कागद चालतो. २०१८ पासून त्याला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता आहे आणि २०२३ पासून तो करणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे. वडिलांशी बोलणे योग्यच आहे; खरे तर बोलायला सुरुवात त्यांनीच केली आहे आणि त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेणारे कोणीतरी त्यांना हवे आहे. भावाच्या बाबतीत मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी कागद करून टाकायचा आणि मग भावाला कळवायचे, असे करू नका. आधी अतिदक्षता विभागात आणि नंतर पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे आजार बरा होणार नसताना रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या उपचारांत, काम करताना मी दोन्ही प्रकारची कुटुंबे पाहिली आहेत. काहींनी उत्तम कागद केला होता, पण तो बँकेच्या लॉकरमध्येच राहिला. काहींकडे नोटरीचा शिक्का नव्हता, पण वडिलांना काय हवे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि त्यांनी एकदिलाने निर्णय घेतला. म्हणून कागद जरूर करा, पण त्याच्या आधीच्या बोलण्याला कागदापेक्षा जास्त वेळ द्या.

हे बोलणे आधीच का व्हायला हवे हे समजण्यासाठी, ते न झालेल्या घरात काय घडते ते सांगते. रात्री दीडच्या सुमारास अतिदक्षता विभागातून नातेवाइकांना बोलावणे येते. ड्युटीवरचे डॉक्टर सांगतात की मास्कवर आता भागत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत चालला आहे, रुग्ण ग्लानीत आहे, नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावे लागेल. संमतिपत्रावर सही करा. हातात फार तर पाच-दहा मिनिटे असतात. बाहेरच्या बाकावर बसलेली मुलगी भावाला फोन लावते, तो उचलला जातो किंवा जात नाही, सोबत आलेले मामा "डॉक्टर म्हणतात तसे कर" म्हणतात, आणि तिच्या मनात एकच विचार घोळत असतो : मी नको म्हटले तर बाबांना मीच मारले असे होईल का? प्रश्न असा पडला की हात सहीकडेच जातो. त्या रात्री तिने स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. बाबा आत्ता शुद्धीवर असते आणि ही सगळी परिस्थिती त्यांना नीट समजली असती, तर ते काय म्हणाले असते? हा प्रश्न विचारला की निर्णय वडिलांचा राहतो आणि मुलीचे काम त्यांचा निरोप डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचे उरते. पण निरोप पोहोचवायचा तर तो आधी मिळालेला असावा लागतो. वडील गेल्यानंतर अनेक वर्षांनी मला भेटायला येणाऱ्या मुलामुलींच्या मनात जी सल असते, ती सही केल्याची किंवा न केल्याची क्वचितच असते. आपण जे केले ते अंदाजाने केले, याची असते.

वडिलांशी बोलताना यंत्रांपासून सुरुवात करू नका. "व्हेंटिलेटर हवा का नको?" असे विचारले तर बहुतेक वृद्ध माणसे "नको" म्हणतात, आणि त्या उत्तराचा पुढे फारसा उपयोग होत नाही. "नळ्या लावून ठेवू नका" या त्यांच्या वाक्यात निदान तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात : घट्ट बांधलेल्या मास्कमुळे नाकावर झालेली जखम आणि गुदमरल्याची भावना, लघवीच्या नळीची आग, रात्रंदिवस जळणारे दिवे, घरचे माणूस फक्त भेटीच्या वेळेत पंधरा मिनिटे दिसणे. एका निवृत्त शिक्षकांना मी "तिथे सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला?" असे विचारले, तेव्हा ते मास्कबद्दल किंवा सुयांबद्दल काही बोललेच नाहीत. मास्क ओढून काढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते आणि तहान लागली असता पाणी मागता येत नव्हते, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी त्यांनी जो कागद केला त्यात मास्कला नकार नव्हता. काही दिवसांचा प्रयत्न चालेल, पण हात बांधू नयेत, ओठ ओले करत राहावेत आणि पत्नीला जवळ बसू द्यावे, असे त्यांनी लिहिले. हा प्रश्न विचारला नसता तर त्यांच्या नावावर "कोणताही उपचार नको" असे लिहिले गेले असते आणि ते त्यांचे म्हणणे नव्हते.

म्हणून विचारायचे ते असे. तिथे काय असह्य झाले? आजार वाढला तर तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, श्वास कोंडण्याची, परावलंबी होण्याची, की आईचे पुढे काय होईल याची? कोणत्या स्थितीत जगणे तुम्हाला जगणे वाटेल आणि कोणत्या स्थितीत नाही? माणसे ओळखता येत नाहीत, बोलता येत नाही आणि सुधारणाही होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले तर आम्ही काय करावे? तुमच्या वतीने कोणी बोलावे? शेवटचे दिवस घरी काढायचे आहेत की रुग्णालयात? हे सगळे एका बैठकीत उरकू नका. संध्याकाळी चहाच्या वेळी, किंवा तपासणीहून परतताना रिक्षात, एकेक प्रश्न निघाला तर तो अधिक नैसर्गिक वाटतो. उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवा आणि तारीख घाला.

आईंचे उठून जाणे हा विरोध आहे असे समजू नका. पन्नास वर्षांचा संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या मरणाची आखणी शांतपणे ऐकवेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्यांना निर्णयाच्या चर्चेत ओढण्याऐवजी काळजीच्या चर्चेत घ्या : बाबांना घरी ठेवायचे झाले तर पलंग कुठे हलवायचा, रात्री कोणी जागायचे, तुला झेपेल का, बाई ठेवूया का. अशा बोलण्यातून त्या स्वतःच मूळ विषयावर येतात, असा माझा अनुभव आहे. येणार नसतील तरी चालेल. मात्र वडिलांनी काय सांगितले आहे हे त्यांना माहीत असलेच पाहिजे.

आता वैद्यकीय बाजू, कारण सीओपीडीमध्ये ती कर्करोगापेक्षा वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची असते. या आजारात प्रकृती सरळ उतरत जात नाही. छातीत जंतुसंसर्ग झाला की ती एकदम ढासळते, उपचारांनी बरीचशी सावरते, पण पूर्वीच्या पातळीला पुरती येत नाही, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच घडते. त्यामुळे "आता शेवट आला" हे डॉक्टरांनाही आधी नेमके सांगता येत नाही. बायपॅप, म्हणजे नळी न घालता मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, अशा वेळी बऱ्याच रुग्णांना काही दिवसांत घरी पाठवू शकते. तुमचे वडील गेल्या वेळी घरी आले ते बहुधा यामुळेच. घशातून श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावणे ही याच्या पुढची पायरी आहे, आणि झिजलेल्या फुप्फुसांना त्यावरून सुटणे अवघड जाते. दहा-पंधरा दिवसांत नळी निघाली नाही तर गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिऑस्टॉमी करण्याची वेळ येते, आणि त्यानंतरचा मुक्काम आठवड्यांचा किंवा महिन्यांचाही होऊ शकतो. हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करण्याचा प्रयत्न, म्हणजे सीपीआर, ही तिसरी आणि वेगळी गोष्ट आहे. दीर्घ आजाराने थकलेल्या वृद्ध शरीरात तो यशस्वी होण्याची शक्यता कमी असते आणि त्यात बरगड्या मोडणे हे नेहमीचेच आहे.

या तिन्हींना एकच हो किंवा एकच नको लागू करू नका. तुमच्या वडिलांच्या छातीच्या डॉक्टरांची यासाठीच स्वतंत्र वेळ घ्या, तपासणीच्या धावपळीत हा विषय काढू नका, आणि त्यांना विचारा की पुढचा झटका आला तर बायपॅपने सुधारण्याची आशा कितपत आहे आणि नळी टाकल्यास ती निघण्याची शक्यता कितपत आहे. पुष्कळ कुटुंबांना मी ज्याची शिफारस करते तो मार्ग म्हणजे ठरावीक मुदतीचा प्रयत्न. बायपॅप आणि प्रतिजैविके द्यायची, तीन ते पाच दिवसांनी डॉक्टर आणि घरचे यांनी एकत्र बसून काय सुधारले ते पाहायचे, सुधारणा नसेल तर नळीकडे न जाता श्वासाचा त्रास कमी करण्याच्या उपचारांकडे वळायचे, हे सगळे आधीच ठरवायचे. मुदत आधी ठरलेली असली की उपचार सुरू करताना आशा सोडावी लागत नाही आणि थांबवताना कोणी अचानक काही हिसकावून घेतले असे वाटत नाही.

कायद्याचा भाग आता सांगते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ तिथेच अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, काही परिस्थितींत जीव टिकवून ठेवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असे प्रथम मान्य केले. त्यांच्यासाठी मात्र ती परवानगी दिली नाही. त्यांची इतकी वर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने निर्णायक मानले, आणि मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. पुढे 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की सन्मानाने मरण येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणसाला आपल्या पुढील उपचारांविषयी आधी लिहून ठेवता येईल. मात्र त्या वेळी घातलेल्या अटींमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी होती, आणि ती मिळवणे इतके अवघड होते की हक्क कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन पुरेसे ठरवले.

आजची पद्धत अशी आहे. कागद करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुबुद्ध असावी आणि तिने तो स्वखुशीने केलेला असावा. दोन साक्षीदारांपुढे सही करावी, साक्षीदार शक्यतो बाहेरचे असावेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकन करावे. आपल्याला निर्णय घेता येईनासा झाल्यावर आपल्या वतीने संमती किंवा नकार कोणी द्यायचा त्या व्यक्तीचे नाव कागदात असावे लागते. एकाहून अधिक नावे देता येतात. एक प्रत त्या व्यक्तीला, एक कुटुंबाच्या डॉक्टरांना, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांनी नेमलेल्या अभिरक्षक, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या, अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे अधिकारी नेमण्याचे काम सुरुवातीला रेंगाळले होते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात त्याला गती आली. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवून त्या राज्यातील पहिला दाखला घालून दिला. तुम्ही नाशिक महापालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन अभिरक्षक कोण आहेत हे विचारा. पहिल्या खिडकीवर माहिती मिळाली नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दोन गोष्टींत लोकांची गफलत होते. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी या कागदाचा काही संबंध नाही. दोन्ही एकत्र करू नका, कारण मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडले जाते आणि हा कागद त्याआधी हाती हवा. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही आगाऊ निर्देशांची तरतूद आहे, पण ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती आहे.

मजकुराविषयी एक कळकळीची सूचना आहे. निर्देश संदिग्ध असतील तर वैद्यकीय मंडळांनी ते अमलात आणू नयेत, असे न्यायालयानेच म्हटले आहे. "मला त्रास देऊ नये" किंवा "विनाकारण उपचार करू नयेत" अशी वाक्ये भावनेला पटणारी असली तरी त्यांवर कोणी डॉक्टर कृती करू शकणार नाही. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि मला निर्णय घेता येत नाही अशी स्थिती आल्यास श्वासनलिकेत नळी, व्हेंटिलेटर, ट्रॅकिऑस्टॉमी, सीपीआर, डायलिसिस आणि नाकातून किंवा पोटातून अन्न देण्याची नळी यांपैकी काय हवे, काय नको आणि काय ठरावीक मुदतीपुरते चालेल, हे नावानिशी लिहा. शेवटी वडिलांच्या शब्दांतली दोन-तीन वाक्ये घाला, कारण यादीत नसलेला प्रसंग उद्भवला की डॉक्टरांना त्याच वाक्यांचा आधार मिळतो. प्रतिनिधी म्हणून थोरल्या मुलाचेच नाव असले पाहिजे असा काही नियम नाही. जी व्यक्ती तासाभरात रुग्णालयात पोहोचू शकते, डॉक्टरांशी बोलताना गोंधळत नाही, आणि स्वतःच्या इच्छेपेक्षा वडिलांची इच्छा पुढे ठेवू शकते, तिचे नाव घाला. तुमच्या घरात ती व्यक्ती तुम्ही असाल असे दिसते, पण नाव वडिलांनी घ्यायला हवे आणि तेही भावाच्या कानांवर पडेल असे.

रुग्णालयात हा कागद कसा चालतो ते थोडक्यात सांगते. वडील शुद्धीत आणि समजत्या अवस्थेत असतील तोवर त्यांचा स्वतःचा नकार पुरेसा आहे, कागदाची गरजच नाही. ती क्षमता गेली आणि आजार असाध्य टप्प्यावर असला, तर उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि आणखी दोन स्वतंत्र तज्ज्ञ असतात. तेही शक्यतो तेवढ्याच वेळात मत देतात. दोघांचे एकमत आणि कागदात नाव असलेल्या व्यक्तीची संमती झाली की रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते आणि मग उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. कागद नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया करता येते, हे बहुतेकांना माहीत नसते. सीपीआरच्या बाबतीत आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्यानुसार डॉक्टर रुग्ण किंवा कुटुंबाशी बोलून केसपेपरमध्ये तशी नोंद करू शकतात. अशी नोंद असली तरी बाकीचे सगळे उपचार चालूच राहतात. इंजेक्शन देऊन मरण घडवून आणणे मात्र भारतात आजही गुन्हा आहे, आणि तुमच्या वडिलांनी ते मागितलेलेही नाही. मराठी माणसांना पवनारचे विनोबा आठवतात, ज्यांनी १९८२ मध्ये अखेरच्या आजारात अन्न आणि औषध दोन्ही सोडले. तुमच्या वडिलांचे म्हणणे त्याहूनही साधे आहे. त्यांना जेवण हवे आहे, औषधे हवी आहेत, घर हवे आहे. ठरावीक यंत्रांवरचा मुक्काम तेवढा नको आहे.

भावाचा विचार करताना त्याच्या जागी जाऊन पाहा. तो वडिलांना वर्षातून एखाद्या वेळी पाहतो, तेव्हा त्यांनी दाढी केलेली असते आणि त्याच्या येण्याच्या आनंदात ते दोन पोळ्या जास्त खातात. बाथरूमपर्यंत जाऊन आल्यावर त्यांना दहा मिनिटे बोलता येत नाही, हे व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. दूर असल्याची जी बोच असते तीच "सगळे करा" या शब्दांत बाहेर येते. म्हणून त्याला मत विचारू नका, त्याला आधी माहिती द्या. एखाद्या नेहमीच्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर वडिलांची अवस्था कशी असते, ते त्यांच्या परवानगीने त्याला पाहू द्या. छातीच्या डॉक्टरांच्या भेटीत त्याला फोनवर सहभागी करून घ्या, म्हणजे तुम्ही सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत फरक असल्याची शंका उरणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वडिलांनी स्वतः त्याच्याशी बोलावे. "ताई म्हणते बाबांना नको आहे" आणि "मला नको आहे, आणि तुझ्या बहिणीने माझे ऐकले म्हणून तिला कधी बोल लावू नकोस" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वडिलांना धाप लागत असेल तर हे छोट्या ध्वनिमुद्रणात बोलून ठेवता येईल. कायदेशीर कागदाची जागा ते घेणार नाही, पण भावंडांमध्ये त्याचा उपयोग फार मोठा होतो. भावाला काही काम द्या. घरी नर्स ठेवणे, ऑक्सिजनची दुसरी सोय करणे, औषधांचा हिशोब पाहणे हे तो टेक्सासमधूनही करू शकतो, आणि पैसे खर्चायची त्याची जी तयारी आहे ती अतिदक्षता विभागापेक्षा इथे जास्त उपयोगी पडेल.

एवढे सगळे करूनही तो नाही म्हणाला तर काय? वडील समजत्या अवस्थेत आहेत, कागद त्यांचा आहे आणि तो करायला मुलांची परवानगी लागत नाही. मात्र व्यवहारात, रुग्णालयाच्या दारात एक मुलगा वकिलाची भाषा बोलू लागला की डॉक्टर मागे सरतात, हे तुम्हाला माहीत असावे. म्हणून त्याचा विरोध मोडण्यात शक्ती घालवण्यापेक्षा मुदतीच्या प्रयत्नावर त्याला आणा. "काहीच करायचे नाही" याला तो तयार होणार नाही. "पाच दिवस सगळे करू आणि मग तुझ्यासह ठरवू" याला होण्याची शक्यता बरीच आहे.

व्हेंटिलेटर नको म्हटल्यावर काय उरते, ही भीती आईंच्याही मनात असेल. उरते ते पुष्कळ आहे. श्वास कोंडल्याच्या भावनेवर अल्प मात्रेतील तोंडी मॉर्फीनने आराम मिळू शकतो आणि योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर ते मरण ओढवून आणत नाही. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे. पाठीमागे उशा देऊन टेकवून बसवणे, चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा झोत येऊ देणे, खिडकी उघडी ठेवणे, यांनी खरोखर फरक पडतो. अगदी शेवटी भूक आणि तहान आपोआप मंदावते. तेव्हा सलाईनचा आग्रह धरला तर अंगावर सूज आणि घशात घरघर वाढू शकते, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली ठेवणे जास्त सुखाचे असते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह केअर विभाग, पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र, वांद्र्याचे १९८६ पासूनचे शांती आवेदना सदन अशा जागा प्रामुख्याने कर्करोगासाठी असल्या तरी तुमच्या जवळ घरी येणारे पथक कोणते आहे, हे अशा ठिकाणी विचारून कळते. जिल्हा रुग्णालयातही असा कक्ष आहे का ते पाहा.

एका प्रकाराबद्दल सावध करते. कुटुंब थकले, बिल वाढले, की "आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो" असे लिहून देऊन रुग्णाला घरी नेले जाते. रुग्णालयाच्या भाषेत याला डामा म्हणतात. नळी काढून, कोणतेही औषध सोबत न देता, गुदमरणाऱ्या माणसाला रुग्णवाहिकेतून घरी पाठवणे हे मी पाहू शकत नाही. घरी न्यायचेच ठरले तर मॉर्फीन कोण देणार, रात्री फोन कोणाला करायचा आणि त्रास वाढला तर कोणती औषधे तयार ठेवायची, हे लिहून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.

घरी ठेवायचे असेल तर काही व्यवस्था आत्ताच करा. वीज गेली तर कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ हवा. ऑक्सिजन मनाने वाढवू नका; सीओपीडीमध्ये रक्तातले त्याचे प्रमाण, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा, सहसा ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेताने ठेवतात, ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठून ग्लानी येऊ शकते. १०८ ला फोन केला की त्यांचे पथक नियमाप्रमाणे जीव वाचवण्याचे सगळे प्रयत्न करत रुग्णालयातच नेणार, तेव्हा धाप वाढल्यावर पहिला फोन कोणाला करायचा त्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. आणि घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४ अ, देणारे डॉक्टर आधी ठरवून ठेवा. शेवटच्या काळात वडिलांना पाहत आलेले डॉक्टरच तो निःशंकपणे देऊ शकतात. अनोळखी डॉक्टर मध्यरात्री तो द्यायला कचरतात, आणि स्मशानात तो कागद मागितला जातो.

भाऊ हिवाळ्यात येणार असेल तर सही त्याच्या मुक्कामात करा, आणि छातीच्या डॉक्टरांची भेट त्याच्या येण्याआधी घ्या. मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका. वडिलांच्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा आणि फोटो तुम्हा तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. प्रत्येक वेळी रुग्णालयातून घरी आल्यावर तो वडिलांना पुन्हा वाचून दाखवा. त्यांचे मत बदलू शकते आणि ते बदलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. बदल याच पद्धतीने लेखी करावा लागतो आणि एकाहून अधिक कागद असतील तर शेवटी सही केलेला ग्राह्य धरतात, म्हणून जुन्या प्रती सर्वांकडून परत घ्या आणि अभिरक्षक अधिकाऱ्यांकडेही नवी प्रत पोच घेऊन द्या.